अकरा अक्षरांना फक्त शाखा कळते

एका बँकेतून दुसऱ्या बँकेत मोठी रक्कम पाठवायचा आरटीजीएसचा फॉर्म बँकेच्या काउंटरवर मागितला की चौकोनांनी भरलेला एक कागद हातात येतो. ज्याला पैसे पाठवायचे त्याचे नाव, खाते क्रमांक, बँक, शाखा, त्या शाखेची ओळख सांगणारा आयएफएससी कोड, रक्कम. मोबाईलवरून सगळे होत असतानाही पुण्यात हा फॉर्म भरणारे पुष्कळ आहेत. निवृत्त मंडळी आहेत, सोसायट्यांचे खजिनदार आहेत, मार्केट यार्डातले व्यापारी आहेत, भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपचे मालक आहेत. यातले बहुतेक जण नावाच्या रेघेवर सगळ्यात जास्त जीव ओततात. नाव सुवाच्य, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. ही चेकने लावलेली सवय आहे. चेकवरचे नाव खात्यावरच्या नावाशी जुळले नाही तर चेक परत येतो, हे दोन पिढ्यांना पाठ आहे.

या फॉर्मचे तसे नाही. रिझर्व्ह बँकेने १४ ऑक्टोबर २०१०च्या परिपत्रकात बँकांना स्पष्ट मुभा दिली की इलेक्ट्रॉनिक मार्गाने आलेले पैसे केवळ खाते क्रमांक पाहून जमा करता येतील. माहिती, विशेषतः खाते क्रमांक, अचूक देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. ही सूचना फॉर्मवर आणि ऑनलाइन पडद्यावर ठळक द्यावी, असेही त्यात होते. बँकांनी ती दिली. बहुतेक ठिकाणी फॉर्मच्या मागच्या बाजूला, बारीक टाइपात. म्हणजे जी रेघ ग्राहक सर्वांत काळजीने भरतो, ती पैसे कुठे जायचे हे ठरवतच नाही.

आणि त्याच वेळी त्याला सांगितले जाते की आयएफएससी कोड नीट टाका, व्यवहार सुरक्षित राहील. हा सल्ला अपुरा आहे आणि त्याने लोकांचे नुकसान होते. कोड पत्ता सांगतो, त्या पत्त्यावर कोण राहते ते सांगत नाही. पैसे सोडण्याआधी समोरच्या खात्यावरचे नाव दिसणे हा ग्राहकाचा हक्क मानला पाहिजे, आणि जिथे बँकेने ते दाखवले नाही तिथे झालेल्या चुकीचा भार तिनेही उचलला पाहिजे. असे का, हे कळायला कोड काय करतो आणि काय करत नाही ते आधी पाहू.

कोड अकरा अक्षरांचा. पहिली चार इंग्रजी अक्षरे बँकेची: महाराष्ट्र बँकेची एमएएचबी, कॉसमॉसची सीओएसबी, जनता सहकारीची जेएसबीपी, स्टेट बँकेची एसबीआयएन. पाचवे स्थान नेहमी शून्य. ते पुढच्या गरजेसाठी राखून ठेवलेले आहे. शेवटची सहा स्थाने शाखेची, बहुतेक बँकांत नुसते आकडे, काहींत अक्षरेही. पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ टाकणे ही सर्वांत नेहमीची चूक, आणि सर्वांत निरुपद्रवी, कारण असा कोड यादीत नसल्याने व्यवहार पुढे सरकतच नाही. चेकच्या तळाशी चुंबकीय शाईत छापलेला नऊ आकडी एमआयसीआर कोड वेगळा. त्याचे पहिले तीन आकडे शहराचे, पुण्याला पिनकोडसारखेच ४११. पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. तो चेक वटवायला लागतो, एनईएफटीला, म्हणजे लहानमोठ्या रकमा इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवण्याच्या पद्धतीला, नाही. दोन्ही एकाच चेकवर असल्याने फॉर्मवर कधीकधी भलताच उतरवला जातो. अक्षरे मोजली की शंका फिटते.

एनईएफटी नोव्हेंबर २००५मध्ये सुरू झाली, आरटीजीएस त्याआधी मार्च २००४मध्ये. १६ डिसेंबर २०१९पासून एनईएफटी आणि १४ डिसेंबर २०२०पासून आरटीजीएस चोवीस तास, बारा महिने चालते. एनईएफटीचे व्यवहार दर अर्ध्या तासाला गठ्ठ्याने सुटतात, दिवसाला असे ४८ गठ्ठे. आरटीजीएसचा प्रत्येक व्यवहार सुटा आणि लगेच, किमान दोन लाख रुपयांचा. या प्रवासात मधल्या यंत्रणेला कोडवरून बँक कळते, म्हणजे संदेश कुणाच्या दारात टाकायचा ते कळते. दाराच्या आत काय करायचे ते ज्या बँकेकडे पैसे आले ती बँक ठरवते, आणि ती खाते क्रमांक बघते.

आता चुकांचा हिशोब मांडला की गंमत लक्षात येते. कोड यादीतच नसेल तर व्यवहार दारातच अडतो. कोड त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेचा पडला, समजा कोथरूडऐवजी कात्रजचा, तरी बहुतेक वेळा पैसे योग्य खात्यातच जातात, कारण सगळ्या शाखा एका संगणकप्रणालीला जोडणारे कोअर बँकिंग आल्यापासून एक खाते क्रमांक साऱ्या बँकेत एकदाच असतो. कोड भलत्याच बँकेचा पडला तर तिथे तो क्रमांक असण्याची शक्यता कमी, कारण क्रमांकाची लांबीच बँकेगणिक वेगळी: स्टेट बँकेत ११ आकडे, आयसीआयसीआयमध्ये १२, एचडीएफसीत १४, पंजाब नॅशनलमध्ये १६. असे पैसे परत येतात. एनईएफटीत जमा होऊ न शकलेली रक्कम गठ्ठ्याच्या हिशोबानंतर दोन तासांत परत पाठवावी लागते. आरटीजीएसमध्ये जमा करायला अर्धा तास आणि परतीला एक तास. उशीर झाला तर एनईएफटीत रेपो दराहून (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्याहून) दोन टक्के जास्त दराने व्याज ग्राहकाला मिळायला हवे, तेही त्याने न मागता. हे व्याज फारसे कुणी तपासत नाही, पण परत आलेल्या रकमेची तारीख आणि वेळ पाहून विचारले तर बँकेला उत्तर द्यावे लागते.

थोडक्यात, कोडमधली चूक बहुधा पैसे परत आणते. खाते क्रमांकातली चूक पैसे घेऊन जाते, कारण बदललेल्या आकड्यामागे खरेखुरे खाते असू शकते. तरीही सगळी धास्ती कोडभोवती आणि खाते क्रमांक मात्र ‘बघून टाकला’.

खाते क्रमांक कसा चुकतो हे मराठी माणसाने जवळून पाहण्यासारखे आहे, कारण आपल्याकडे त्याला एक खास कारण आहे. फॉर्म मराठीत भरला तर चालतो, आणि चाललाच पाहिजे. पण देवनागरी एक (१) घाईत काढला की इंग्रजी नऊसारखा दिसतो, देवनागरी चार (४) हुबेहूब इंग्रजी आठसारखा, आणि सात (७) कधीकधी इंग्रजी सहाच्या जवळ जातो. लिहिणाऱ्याने अर्धे आकडे मराठीत आणि अर्धे इंग्रजीत लिहिले असतील तर काउंटरपलीकडच्या माणसाला नेमके काय समजायचे याचा पत्ता लागत नाही. तो अंदाजाने टंकतो. बाकी फॉर्म मराठीत भरा, खाते क्रमांक मात्र इंग्रजी आकड्यांत, एका चौकोनात एक, आणि भरल्यावर चौकोन मोजा. ओळीने चार-पाच शून्ये असलेल्या क्रमांकात एक शून्य गळणे किंवा वाढणे ही दुसरी नेहमीची चूक. डोळा शून्यांच्या रांगेवरून घसरतो. बोट ठेवूनच मोजावी लागतात.

तिसरी चूक फोनवरची. मराठीत जोडीने आकडे सांगायची आपली पद्धत लिहिताना घात करते. एकोणसाठ म्हणजे ५९ आणि एकोणसत्तर म्हणजे ६९. रस्त्यावरच्या आवाजात दोन्ही सारखेच ऐकू येतात. त्रेसष्ट आणि त्र्याहत्तरचे तेच. खाते क्रमांक सांगताना सुटे आकडे सांगावेत, तीन-तीनच्या तुकड्यांत, आणि ऐकणाऱ्याने उलट वाचून दाखवावेत. कोडमधल्या अक्षरांसाठी ‘बी बारामतीचा, डी दौंडचा, पी पुण्याचा’ असे सांगितले की गोंधळ संपतो. पण मुळात फोनवरून घेऊच नये. पासबुकाच्या पहिल्या पानाचा किंवा रद्द केलेल्या चेकचा फोटो मागावा. त्यावर कोडही असतो, क्रमांकही आणि बहुधा नावही.

कोड शिळा होणे हा वेगळा त्रास. १ एप्रिल २०१७ला स्टेट बँकेत पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक विलीन झाल्या. १ एप्रिल २०१९ला विजया आणि देना बँक ऑफ बडोदात गेल्या. १ एप्रिल २०२०ला ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये, सिंडिकेट कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये, अलाहाबाद इंडियन बँकेत. नावे लगेच बदलली, पण जुने कोड त्यानंतरही काही काळ चालू राहिले आणि मग बंद झाले; सिंडिकेटचे जुने कोड २०२१च्या मध्यापर्यंत चालत होते. पुण्यातल्या रुपी सहकारी बँकेचा तर परवानाच रद्द झाला, २२ सप्टेंबर २०२२पासून. एवढ्या उलथापालथीनंतरही सर्च केल्यावर वर येणाऱ्या कितीतरी खासगी संकेतस्थळांवर जुने कोड तसेच पडून असतात. ज्याच्या प्राप्तिकराच्या परताव्याला जुना कोड जोडलेला आहे त्याचा परतावा अडकतो, आणि तो ऑनलाइन खाते पुन्हा प्रमाणित करेपर्यंत मिळत नाही. एसआयपी, विम्याचा हप्ता, पेन्शन, सगळीकडे हीच कथा.

कोड घ्यायचा तो रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीतून, नाहीतर त्या बँकेच्याच संकेतस्थळावरून. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत आपापली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटावर न्यायला सांगितले. हा शेवट कुणालाही विकत मिळत नाही, फक्त बँकांना मिळतो. पत्त्याच्या शेवटी तो नसेल तर कोड किंवा ग्राहक सेवेचा फोन नंबर तिथून घेऊच नये. फोन नंबरची भीती कोडहून मोठी. शाखेचा कोड शोधता शोधता माणूस तिथल्या बनावट नंबरवर फोन लावतो आणि पलीकडचा ‘अधिकारी’ त्याला स्क्रीन दिसणारे अॅप टाकायला लावतो.

सहकारी बँकांच्या शहरात आणखी एक गोष्ट सांगायला हवी. लहान सहकारी बँका रिझर्व्ह बँकेच्या यंत्रणेत थेट सभासद नसतात. एखाद्या मोठ्या बँकेच्या आधाराने उपसभासद म्हणून येतात. त्यांचा कोड मोठ्या बँकेच्या चार अक्षरांनी सुरू होतो आणि शून्यापुढे लहान बँकेच्या नावाची अक्षरे असतात. कधी त्या बँकेच्या सगळ्या शाखांना मिळून एकच कोड. ग्राहक चक्रावतो: खाते आपल्या पेठेतल्या बँकेत आणि कोड खासगी बँकेचा कसा? तो बरोबरच असतो. मात्र अशा व्यवहारात पैसे दोन दारांतून जातात, म्हणून अडकले तर दोन ठिकाणी विचारावे लागते.

आता फसवणुकीकडे, कारण खरी रक्कम तिथे जाते. चाकणच्या एखाद्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्याचा ईमेल कुणीतरी फोडतो. आठवडाभर नुसता वाचत बसतो. बिलाची तारीख जवळ आली की त्याच ईमेलवरून, किंवा एका अक्षराने वेगळ्या पत्त्यावरून, पत्र येते: ‘ऑडिटमुळे आमचे खाते बदलले आहे, यापुढे खालील खात्यावर पैसे पाठवावेत.’ लेटरहेड तेच, सही तीच, बिलाचा क्रमांक बरोबर. लेखापाल काय तपासतो? आयएफएससी कोड. तो टाकल्यावर पडद्यावर बँकेचे आणि शाखेचे नाव उमटते, कधी शाखा पुण्याचीच निघते, आणि त्याला हायसे वाटते. पण कोड खरा असणारच! चोराचे खातेही खऱ्या बँकेतच असते. कुणाकडून तरी भाड्याने घेतलेले, दहा-वीस हजारांच्या आमिषाने उघडलेले, पण रीतसर केवायसी झालेले खाते. कोड बरोबर असणे म्हणजे अशी शाखा पृथ्वीतलावर आहे, एवढाच अर्थ.

उलटही खरे. कोड मुंबईच्या शाखेचा निघाला म्हणून बिचकायचे कारण नाही. मोठ्या कंपन्यांची, कॉलेजांची, कर्ज देणाऱ्या संस्थांची वसुली खाती एखाद्या मध्यवर्ती शाखेत असतात, आणि प्रत्येक ग्राहकाला किंवा विद्यार्थ्याला वेगळा लांबलचक आभासी क्रमांक दिलेला असतो, त्यात अक्षरेही असतात. शाखा बदलली तरी क्रमांक तोच ठेवून कोड बदलणारी खातीही आहेत. शाखेचे ठिकाण विश्वासाचे माप नाही.

माप एकच: खात्यावर नाव कुणाचे आहे. आणि तेच इतकी वर्षे दिसत नव्हते. यूपीआयवर दिसत होते, मोबाईलवरून लगेच पैसे पाठवणाऱ्या आयएमपीएसमध्येही दिसण्याची सोय होती. किराणा दुकानात चाळीस रुपये देताना दुकानदाराचे नाव समोर येत होते आणि फ्लॅटच्या हप्त्याचे चाळीस लाख आरटीजीएसने सोडताना काही येत नव्हते. हा उफराटा न्याय अखेर रिझर्व्ह बँकेच्याही लक्षात आला. ३० डिसेंबर २०२४च्या परिपत्रकाने तिने बँकांना १ एप्रिल २०२५पर्यंत आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी लाभार्थीचे नाव पाहण्याची सोय द्यायला सांगितले. खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड दिला की समोरच्या बँकेच्या नोंदीतले नाव दिसेल. ऑनलाइन तर दिसेलच, शाखेत येणाऱ्यालाही ही सोय मिळेल, आणि शुल्क नाही. नाव काही कारणाने दिसू शकले नाही तर पुढे जायचे की नाही हे पाठवणाऱ्याने ठरवायचे.

पाऊल चांगले आहे. पण ते सोय म्हणून आले, हक्क म्हणून नाही, आणि २०१०ची जबाबदारीची वाटणी तशीच राहिली. काउंटरवर हे ठळक जाणवते. फॉर्म आणि चेक खिडकीत सरकवला, शिक्का मारलेली पावती घेतली की ग्राहक निघून जातो. टंकणे नंतर, कधी तासाभराने, आत कुणीतरी करतो. नाव त्याच्या पडद्यावर उमटत असेल, पण ज्याला ते ओळखता येईल तो माणूस तोवर बसस्टॉपवर पोचलेला असतो. समजा, लेले पाठवत होते कुलकर्ण्यांना. पडद्यावर तिसरेच नाव आले तर आतल्या कर्मचाऱ्याला ते खटकेल, पण दोन कुलकर्ण्यांतला कुठला हे त्याला कसे कळावे?

म्हणून शाखेतली पद्धत बदलायला हवी. फॉर्मवर ‘संगणकावर दिसलेले नाव’ अशी एक रेघ असावी, ती कर्मचाऱ्याने ग्राहकासमोर भरावी, मोठ्याने वाचून दाखवावी, कारण नोंदीतले नाव रोमन लिपीत असते आणि सगळ्यांना ती वाचता येतेच असे नाही, आणि त्या रेघेपुढे ग्राहकाची सही घ्यावी. याला दोन मिनिटे जास्त लागतील. रांग लांबेल, हे खरे. पण पगाराच्या किंवा पेन्शनच्या आठवड्यात बँका पासबुक छापायला वेगळी खिडकी उघडतात; लाखाच्या वर रक्कम सोडणाऱ्यासाठी हे करणे अवघड नाही.

बँकेतल्या लोकांचा पहिला आक्षेप नावांच्या गोंधळाचा असतो, आणि तो पोकळ नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईचे खाते माहेरच्या नावाने राहिलेले असते. कुणाचे आडनाव आधी, कुणाचे शेवटी. जोशीच्या शेवटी एकाला आय, दुसऱ्याला डबल ई. ‘सहकारी गृहरचना संस्था मर्यादित’ हे नोंदीच्या मर्यादेत बसत नाही म्हणून अर्धेच छापले जाते. संयुक्त खात्यात पहिलेच नाव दिसते. यंत्राने नाव जुळवून व्यवहार अडवायचा ठरवला तर निम्मे खरे व्यवहार अडतील. म्हणूनच जुळवणी यंत्राकडे देऊ नये. ब्रिटनमध्ये पाठवणारा नाव लिहितो आणि बँक ‘जुळते’, ‘जवळपास जुळते’ किंवा ‘जुळत नाही’ असे सांगते. तिथे ते निभते. आपल्याकडे नाव सरळ दाखवणेच बरे, कारण सुनेचे माहेरचे नाव सासऱ्याला माहीत असते, संगणकाला नसते. माणसाला फरक चटकन कळतो: स्पेलिंग वेगळे आहे, चालेल, कंपनीच्या जागी कुणा अनोळखी व्यक्तीचे नाव आहे, थांबा. हा दुसरा प्रकार दिसला की पैसे सोडूच नयेत, समोरून कितीही घाई होत असो.

दुसरा आक्षेप खासगीपणाचा. खाते क्रमांक कळला की कुणीही नाव काढेल. काळजी योग्य आहे. पण नाव पाहायला क्रमांक आणि कोड दोन्ही लागतात, पाहणारा स्वतः आपल्या बँकेत लॉगिन केलेला असतो, आणि त्याने किती वेळा पाहिले याची नोंद राहते. उगाच शेकडो खाती चाळणाऱ्याला बँक अडवू शकते, अडवायलाच हवे. नुसत्या मोबाईल नंबरवरून यूपीआयमध्ये नाव दिसते ते आपण स्वीकारले आहे. त्यापुढे हा धोका लहान.

जबाबदारीचा प्रश्न मात्र सर्वांत अवघड. बँकेने भार उचलायचा म्हटले तर ग्राहक बेफिकीर होतील, असे म्हणतात. सरसकट भार टाकला तर तसे होईलही. म्हणून वाटणी अशी असावी: नाव दाखवले, ग्राहकाने मान्य केले, तर चूक ग्राहकाची. नाव दाखवलेच नाही, किंवा यंत्रणा बंद असल्याचे न सांगता पैसे सोडले, तर पैसे परत मिळवण्याचा खर्च आणि खटाटोप बँकेचा. नाव पाहण्याच्या प्रत्येक व्यवहाराला एक संदर्भ क्रमांक असतो आणि वाद झाला तर त्यावरून तपासता येते. तो क्रमांक पावतीवर छापला की कोण खरे बोलतो हे शोधायला वर्ष लागणार नाही.

ही वाटणी होईपर्यंत ग्राहकाने स्वतःचे संरक्षण करायचे, आणि ते करता येते. नवे खाते जोडताना क्रमांक दोनदा टाकायला सांगतात, तेव्हा दुसऱ्यांदा कॉपी-पेस्ट करू नये. दोनदा टाकण्याचा हेतूच त्याने मारला जातो. नाव दिसल्यावर आधी छोटी रक्कम पाठवावी, आणि ती एक रुपया नसावी. सदतीस रुपये, त्रेपन्न रुपये अशी आडवळणाची रक्कम पाठवावी आणि समोरच्याला फोन करून विचारावे, ‘किती आले?’ त्याने नेमका आकडा सांगितला तर खाते त्याच्या हातात आहे. फोन मात्र आपल्या वहीतल्या जुन्या नंबरवर लावायचा. खाते बदलल्याच्या पत्रावर छापलेला नंबर चोराचाच असतो आणि तोही आकडा बरोबर सांगतो. मग मोठी रक्कम त्याच जतन केलेल्या खात्यावर पाठवावी, क्रमांक पुन्हा टंकू नये. बचत खात्यावरून ऑनलाइन एनईएफटीला १ जानेवारी २०२०पासून शुल्क नाही, त्यामुळे ही चाचणी फुकट पडते. शाखेतून केली तर दहा हजारांपर्यंत अडीच रुपये आणि त्यावर जीएसटी.

सोसायट्यांच्या आणि कारखान्यांच्या लेखापालांसाठी एक नियम पुरे: यादीतल्या कुणाचेही खाते बदलले तर बदल करणारा आणि मंजूर करणारा माणूस वेगळा, आणि पहिले पेमेंट चाचणीशिवाय नाही. ऑगस्टच्या यादीवरून सप्टेंबरची यादी करताना एक्सेलमध्ये ओळ खाली सरकते आणि शिंद्यांचा क्रमांक शेखांच्या नावापुढे येतो. यात चोर कुणीच नसतो, पगार मात्र चुकीच्या घरी जातो. एक्सेल लांब क्रमांकांचे शेवटचे आकडे पंधरा आकड्यांपुढे शून्य करून टाकते, हेही लक्षात ठेवायला हवे. सोळा आकडी खाते क्रमांकाचा रकाना आधी मजकूर म्हणून ठरवावा लागतो.

चूक झालीच तर वेळ महत्त्वाचा. फसवणूक असेल तर आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, मग बँक, मग पोलीस ठाणे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जायच्या आत गोठवले गेले तरच हाती लागतात. साधी चूक असेल तर आपल्या बँकेला लेखी अर्ज, त्यात यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक: एनईएफटीचा सोळा अक्षरांचा, आरटीजीएसचा बावीस, आयएमपीएसचा बारा आकडी संदर्भ क्रमांक. रक्कम, तारीख, वेळ, टाकलेला क्रमांक आणि टाकायचा होता तो क्रमांक, दोन्ही. आपली बँक समोरच्या बँकेला कळवते, समोरची बँक खातेदाराला विचारते, आणि त्याची संमती असेल तरच पैसे परत येतात. बँक त्याचे नाव-पत्ता आपल्याला देत नाही. तो नाही म्हणाला तर कायदा आपल्या बाजूने आहे: भारतीय करार कायदा १८७२च्या कलम ७२नुसार चुकून मिळालेले पैसे परत करणे बंधनकारक आहे. पण त्यासाठी दिवाणी दावा, आणि दाव्यासाठी प्रतिवादीचे नाव लागते.

इथे ते नाव पुन्हा आडवे येते. पैसे सोडण्याआधी जे फुकट, दोन सेकंदांत दिसू शकत होते, तेच नंतर वकील लावून, न्यायालयाकडून बँकेला आदेश मिळवून काढावे लागते. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. अर्जात ‘पैसे सोडण्याआधी मला लाभार्थीचे नाव दाखवले होते का, दाखवले असल्यास त्याचा संदर्भ क्रमांक द्यावा’ हे वाक्य जरूर घालावे.